पार्सल आलेच नाही? पैसे परत मिळवायचे कसे

रमजानच्या आधीची गोष्ट. आमच्या मोहल्ल्यातील एका खालांनी ऑनलाइन शिलाई मशीन मागवली. ईदच्या आधीचे चार-पाच आठवडे म्हणजे त्यांच्या वर्षाच्या कमाईचा मोठा भाग. पैसे आधीच भरले होते. ठरलेल्या दिवशी संध्याकाळी मोबाइलवर मेसेज आला की पार्सल पोहोचवले आहे. दारात मात्र कोणी आले नव्हते. तीन दिवस डिलिव्हरीच्या मुलाला फोन केले, तो म्हणे, "खाला, उद्या बघतो." मग आठवडाभर कुरिअरच्या ऑफिसात चकरा. शेवटी भाच्याने गूगलवर "कंपनीचा नंबर" शोधला. तिकडून रिफंडची म्हणून एक लिंक आली आणि यूपीआय पिन टाका असे सांगितले. पिन टाकण्याआधी त्यांनी आमच्याकडे येऊन विचारले, म्हणून खात्यातले उरलेले पैसे वाचले.

मशीनचे पैसे नंतर परत आले, पण सव्वीस दिवसांनी. शिलाईचा सीझन गेला तो गेलाच. त्यातले पहिले दहा-अकरा दिवस चुकीच्या माणसाला विचारण्यात गेले होते. म्हणून ही माहिती एका जागी लिहून ठेवत आहोत.

जाब कोणाला विचारायचा?

पैसे ज्याला दिले, त्याला. आपण ॲपवरून वस्तू घेतली तर कुरिअर कंपनी आपण निवडलेली नसते. ती विक्रेत्याने किंवा ॲपने नेमलेली असते. "कुरिअरवाल्याशी बोला" हे उत्तर ऐकून गप्प बसू नका. वस्तू आपल्या हातात येईपर्यंतचा हिशेब त्यांनी आपसांत पाहावा. डिलिव्हरीचा मुलगा तर बिचारा रोजंदारीवर पळणारा. आमच्याच शाळेत शिकून गेलेले दोघे-तिघे हे काम करतात. त्याच्याशी भांडून रिफंड मिळत नाही.

यामागे कायदा आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा जुलै २०२० पासून लागू झाला आणि त्याच महिन्यात ई-कॉमर्सचे नियमही आले. त्या नियमांप्रमाणे माल खराब निघाला, जाहिरातीत दाखवला तसा नसला किंवा सांगितलेल्या तारखेनंतर आला, तर विक्रेत्याला तो परत घ्यायला आणि पैसे द्यायला नकार देता येत नाही. पूर, दंगल अशा हाताबाहेरच्या कारणाने झालेला उशीर तेवढा वेगळा. प्रत्येक ई-कॉमर्स कंपनीला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो आणि त्याचे नाव व संपर्क ॲपवर किंवा वेबसाइटवर द्यावा लागतो. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निकाल एका महिन्यात, ही मुदतही नियमातच आहे. हे नाव ॲपमध्ये अगदी खाली, बारीक अक्षरात असते. शोधावे लागते, पण सापडते.

पहिल्या दिवशी काय करायचे

"डिलिव्हर झाले" असा मेसेज आला आणि पार्सल नाही, तर आधी घरात आणि शेजारी विचारा. कधी मुलगा टार्गेट पूर्ण दाखवण्यासाठी आधीच नोंद करतो आणि पार्सल दुसऱ्या दिवशी आणतो. पण त्या भरवशावर तक्रार थांबवू नका. त्याच दिवशी ॲपमध्ये तक्रार नोंदवा, तिचा क्रमांक लिहून घ्या, ऑर्डरचा आणि मेसेजचा स्क्रीनशॉट काढा. फोनवरचे बोलणे हवेत जाते, लिहिलेले राहते. तक्रार अधिकाऱ्याला ईमेल करताना लांबलचक कहाणी नको. खालांसाठी आम्ही एवढेच लिहिले होते:

"अमुक क्रमांकाची ऑर्डर, अमुक तारीख, एवढी रक्कम. पार्सल पोहोचल्याची नोंद आहे, पण ते मला किंवा घरातील कोणालाही मिळालेले नाही. ते कोणाला दिले त्याचा पुरावा, म्हणजे फोटो, सही किंवा ओटीपीची नोंद द्यावी, नाहीतर पूर्ण रक्कम परत करावी. या तक्रारीची पोच ४८ तासांत मिळावी."

पुरावा मागितला की उत्तर देणाऱ्याची भाषा बदलते, हा आमचा अनुभव. खालांच्या बाबतीत फोटो निघाला तो दुसऱ्याच कोणाच्या तरी लोखंडी गेटचा होता.

ओटीपीबद्दल घरातील बायकांना आणि मुलांना आवर्जून सांगून ठेवा. ओटीपी देणे म्हणजे पार्सल मिळाल्याची सही करणे. पार्सल हातात आल्याशिवाय, "मी चौकात आहे, आधी नंबर सांगा" म्हणणाऱ्याला तो देऊ नये. महागडी वस्तू असेल तर खोका उघडताना सुरुवातीपासून न थांबवता व्हिडिओ काढा, त्यात लेबल दिसले पाहिजे. खोका फाटलेला किंवा दाबलेला असेल तर घेऊच नका, किंवा तसे लिहून घ्या.

आपल्या तुमसरात अर्धी भानगड पत्त्याची असते. मोहल्ल्यात घरनंबर कोणाला पाठ नसतो. शहराचा पिन ४४१९१२. आजूबाजूच्या गावांचे पिन वेगळे आहेत, तरी लोक सवयीने तुमसरचाच टाकतात आणि पार्सल येथे येऊन परत जाते. काहीजण नुसते "तुमसर रोड" लिहितात. ते स्टेशन देव्हाडीला आहे हे आपल्याला माहीत, नागपूरला पार्सल छाटणाऱ्याला नाही. मशिदीचे किंवा शाळेचे नाव, गल्ली आणि दोन चालू मोबाइल नंबर लिहा. आणि "ग्राहक घरी नव्हता" असा खोटा शेरा दिसला, तर त्या वेळी कॉल आलाच नव्हता हे दाखवणारा कॉल-लॉगचा स्क्रीनशॉट काढून ठेवा.

रिफंड "केला" म्हणतात, खात्यात नाही

ऑनलाइन भरलेले पैसे सहसा ज्या खात्यातून गेले तिथेच येतात. कॅश ऑन डिलिव्हरीचे पैसे बँक खात्यात मागायचे, ॲपच्या वॉलेटमध्ये नको असतील तर तसे स्पष्ट लिहा. कंपनी रिफंड केल्याचे सांगते आणि खाते रिकामे, तेव्हा त्या व्यवहाराचा संदर्भ क्रमांक मागा. तो क्रमांक घेऊन बँकेत गेलात तर शोध लागतो, नुसते "पैसे आले नाहीत" म्हटल्याने लागत नाही.

एक वेगळा प्रकार: ऑर्डरच झाली नाही, पण यूपीआयने पैसे कापले गेले. येथे रिझर्व्ह बँकेचे सप्टेंबर २०१९ चे परिपत्रक लागू होते. दुकानदाराला भरताना अडकलेले पैसे व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांत आपोआप परत यायला हवेत, पुढे रोज १०० रुपये भरपाई. बँक ३० दिवसांत ऐकत नसेल तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे मोफत तक्रार करता येते, माहितीसाठी फोन १४४४८.

१९१५ आणि भंडाऱ्याचा आयोग

कंपनी टाळाटाळ करत असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करा. फोन मोफत आहे, मराठीत बोलता येते. व्हॉट्सॲपसाठी ८८००००१९१५. हेल्पलाइन निकाल देत नाही, ती तक्रार कंपनीकडे पाठवून पाठपुरावा करते. पण अनेक कंपन्या येथेच नमतात. खालांचे पैसे येथून तक्रार गेल्यावर आठव्या दिवशी आले.

तरीही नाही झाले तर जिल्हा ग्राहक आयोग. कंपनी बंगळुरूची असो की गुरुग्रामची, आपण राहतो त्या जिल्ह्यात, म्हणजे भंडाऱ्यालाच तक्रार करता येते. हा २०१९ च्या कायद्याने दिलेला मोठा हक्क आहे. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील सक्तीचा नाही, ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या तक्रार दाखल होते. मुदत दोन वर्षांची. कायद्यात साधारण तीन महिन्यांत निकालाची अपेक्षा आहे, प्रत्यक्षात जास्त लागतात, हेही सांगितले पाहिजे. दोनशे रुपयांच्या कव्हरसाठी एवढे करावे का, हे ज्याचे त्याने ठरवावे. पण पंधरा हजारांच्या मशीनसाठी जरूर करावे.

आणखी एक शंका नेहमी येते: मशीन धंद्यासाठी घेतली, मग आपण ग्राहक कसे? विकण्यासाठी माल घेणारा व्यापारी ग्राहक नाही. पण स्वतःच्या मेहनतीवर पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू असेल तर कायदा त्याला ग्राहकच मानतो. शिवणकाम करणाऱ्या बाईला हे तंतोतंत लागू होते.

आपण स्वतः पाठवतो तेव्हा

येथे कुरिअरशी करार आपलाच असतो आणि पावती हाच करार. पावतीच्या मागे नुकसानभरपाईची मर्यादा छापलेली असते. भारती निटिंग कंपनी विरुद्ध डीएचएल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली ग्राहकाने सही केलेल्या पावतीवरची १०० डॉलरची मर्यादा मान्य केली, नुकसान लाखांत असूनही. म्हणून सही करण्याआधी वाचा, वस्तूची खरी किंमत लिहा आणि महाग असेल तर विमा घ्या. सही न घेता नुसत्या छापलेल्या अटी मात्र ग्राहक आयोगांनी काही प्रकरणांत बंधनकारक धरलेल्या नाहीत, तेव्हा अट आहे म्हणून लगेच हार मानू नये. ट्रान्सपोर्टने बिल्टीवर माल पाठवला आणि हरवला, तर बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांत लेखी नोटीस द्यावीच लागते, नाहीतर दावा टिकत नाही.

पोस्टाचे वेगळे आहे. २०२३ च्या पोस्ट कायद्याप्रमाणे नियमात ठरवून दिली तेवढीच जबाबदारी पोस्टावर येते. तक्रारीसाठी १८०० २६६ ६८६८.

शिक्षक म्हणून एक विनंती: मूळ मार्कशीट आणि सनद कुरिअरने पाठवू नका. डिजिलॉकरची प्रत बहुतेक ठिकाणी चालते. दुय्यम प्रतीसाठी बोर्डाच्या खेपा काय असतात ते आम्ही दरवर्षी पाहतो.

फसवणूक झाली असेल तर

इन्स्टाग्रामवर अबाया किंवा ईदचे सूट दाखवणारे, थेट यूपीआयने पैसे घेणारे आणि नंतर ब्लॉक करणारे हे दुकानदार नाहीत. येथे १९१५ ची वाट बघू नका, लगेच १९३० वर फोन करा. जितक्या लवकर फोन, तितकी समोरच्या खात्यात पैसे गोठवले जाण्याची शक्यता जास्त. पैसे येण्यासाठी पिन कधीच लागत नाही. "पत्ता अपूर्ण आहे, पाच रुपये भरा" अशी लिंक, "हे ॲप टाका" किंवा "स्टार चारशे एक लावून हा नंबर डायल करा" असे सांगणारा फोन, तिन्ही फसवे. तिसऱ्याने तुमचे कॉल त्याच्याकडे वळतात आणि बँकेचा ओटीपीही. "तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये ड्रग्ज सापडले" म्हणून व्हिडिओ कॉलवर धमकावणारा पोलीस नसतो, फोन कट करा.

आयोगात जायची वेळ आली आणि कागद कसे लावायचे कळत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. महिलांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. फोन १५१००.