बाकीतून निघालेला कोल्हा

मे संपत आला की नवी मुंबईतल्या कितीतरी घरांत पंचांग उघडले जाते. यंदा मृग नक्षत्राचे वाहन काय? बेडूक निघाला तर जुनी माणसे खूश, कोल्हा निघाला तर चेहरे उतरतात. वाशी, कोपरखैरणे, घणसोलीत आता शेती कुठली? पण साताऱ्या-सांगलीकडून बाजार समितीत माथाडी म्हणून आलेल्या घरांचा जीव गावाकडच्या पेरणीत अडकलेला असतो. म्हणून प्रश्न दरवर्षी विचारला जातो, अगदी मनापासून.

पावसाळ्यातल्या प्रत्येक नक्षत्राला पंचांग एक वाहन देते आणि त्यावरून त्या नक्षत्रातल्या पावसाचा अंदाज बांधला जातो. वाहने नऊ: घोडा, कोल्हा, बेडूक, मेंढा, मोर, उंदीर, म्हैस, गाढव आणि हत्ती. ती ठरवताना कोणी रानात जाऊन जनावर पाहत नाही. सूर्य नव्या नक्षत्रात शिरतो त्या वेळी चंद्र कोणत्या नक्षत्रात आहे ते बघायचे. सूर्यनक्षत्रापासून चंद्रनक्षत्रापर्यंत, दोन्ही टोके धरून, मोजायचे आणि आलेल्या आकड्याला 9 ने भागायचे. बाकी 1 उरली तर घोडा, 2 तर कोल्हा, 3 तर बेडूक, असे करत 8 ला गाढव. बाकी शून्य म्हणजे हत्ती. 2024 च्या जूनमध्ये सूर्य मृगात गेला तेव्हा चंद्र शेजारच्या आर्द्रेत होता. मोजणी दोन, बाकी दोन, वाहन कोल्हा.

जनावरांची निवड मात्र शेतकऱ्याच्या डोळ्याने केलेली दिसते. बेडूक, म्हैस, हत्ती ही पाण्यात रमणारी, म्हणून त्यांच्या वाट्याला भरपूर पाऊस. मोर, उंदीर, गाढव मध्यम. कोल्हा आणि मेंढा आले की पाऊस ओढ देणार. घोड्याचा पाऊस डोंगरमाथ्यावर. ज्याने हा तक्ता बसवला त्याने गणित ज्योतिषाकडून घेतले आणि अर्थ गोठ्यातून, पाणवठ्यावरून. ही जोडणी मला फार आवडते.

तिच्यावर भरवसा ठेवणे मात्र कठीण. एक नक्षत्र तेरा-चौदा दिवसांचे, आणि वाहन अख्ख्या महाराष्ट्राला एकच. अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणारी नवी मुंबई आणि पाचशेच्या आसपास अडणारा माणदेश, दोघांनाही तोच कोल्हा. 2024 मध्ये मोसमी पाऊस 9 जूनला मुंबईत पोहोचला आणि पुढे काही दिवस त्याची वाटचाल रेंगाळली. तेव्हा कोल्ह्याचा शब्द खरा ठरला असे म्हणता येईल. पण 2025 मध्ये मोसमी पाऊस मुंबईत 26 मे रोजीच आला, नोंदीतला सर्वांत लवकर. तेव्हा सूर्य अजून रोहिणीत होता आणि मृगाच्या वाहनाला सुरुवातही झाली नव्हती.

या हिशेबी जनावरांच्या मागे खऱ्या जनावरांची फार जुनी परंपरा आहे. सहाव्या शतकात वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त लगेच येणाऱ्या पावसासाठी स्वतंत्र अध्याय दिला. मुंग्या विनाकारण अंडी हलवू लागल्या, मांजर नखांनी जमीन उकरू लागले, साप झाडावर चढले, तर पाऊस जवळ आला असे समजावे, असे तो सांगतो. कावळ्याने घरटे कोणत्या दिशेच्या फांदीवर बांधले, हेही त्याने विचारात घेतले. मुंग्यांचे आणि कावळ्याचे आडाखे आपल्या आजीच्या तोंडीही होते. यातले सगळे खरे ठरते असे नाही. पण हवेतला दमटपणा किड्यामुंग्यांना आपल्याआधी कळत असावा, त्यामुळे काही तासांपुरता हा अंदाज धरून चालण्यासारखा असू शकतो.

बेलापूर पट्टी, पनवेल, उरणच्या आगरी-कोळी गावांकडे अशा खुणा भरपूर होत्या. पहिला जोरदार पाऊस पडून ओहोळ फुगले की मासे प्रवाहाविरुद्ध चढून भातखाचरात अंडी घालायला शिरतात, ती वलगण. बत्ती, टोपली, पागोळी घेऊन अख्खे गाव रात्री बांधावर. त्याच सुमारास मुठे, म्हणजे शेतातले खेकडे, बिळांबाहेर येतात आणि मातीतून लाल मखमली मृगाचा किडा वर निघतो. वलगण चढली म्हणजे पावसाळा बसला, यावर वाद नव्हता. 1970 मध्ये नवी मुंबई वसवण्यासाठी सिडको स्थापन झाली, 95 गावांची जमीन शहरासाठी घेतली गेली. ओहोळांचे काँक्रीटच्या भिंतींमधले नाले झाले, त्यांचे पाणी धारण तलावांकडे वळले. खाचरच नाही तिथे मासा चढणार कुठे? पंचांगातल्या कोल्ह्याला मात्र ना बीळ लागते ना रान. म्हणून तो टिकला, आणि ज्या खुणांत खरी माहिती होती त्या आधी पुसल्या गेल्या. मला याचे वाईट वाटते.

तरी एक खूण या शहराकडे अजून आहे. ठाण्याच्या खाडीत आणि नेरूळच्या पाणथळींवर हिवाळ्यात उतरलेले रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, पावसाच्या तोंडावर बहुतेक निघून जातात, गुजरातकडे. सीवूड्सच्या गच्चीवरून ते दिसतात. शेवटचा मोठा थवा कोणत्या तारखेला गेला आणि पाऊस कोणत्या तारखेला आला, हे दोन आकडे दरवर्षी शेजारी शेजारी लिहून ठेवायला कोणाचीच आडकाठी नाही. त्यासाठी पाणथळी मात्र जागेवर राहायला हव्यात.