चाचणीचीही चाचणी: सेंट थॉमस माउंट ते सॉफ्टवेअर

आज चेन्नईबद्दल बोलू. इथल्या आयटी कंपन्यांत कोड रोज बदलतो आणि संगणक आपोआप चाचण्या चालवून पास की नापास ते सांगतो. पण कोड बदलला, आणि चाचणी जुनीच राहिली तर? हा प्रश्न या शहरात दोनशे वर्षांपूर्वीच उभा राहिला होता.

1802 च्या एप्रिल-मेमध्ये, भर उन्हात, विल्यम लॅम्बटन या लष्करी अधिकाऱ्याने सेंट थॉमस माउंटजवळ साडेसात मैलांची आधाररेषा मोजली. साधन शंभर फुटी पोलादी साखळी. पोलाद उन्हाने वाढतं, म्हणून ती तंबूच्या सावलीत ठेवायची, शेजारी थर्मामीटर. दुसरी साखळी केवळ ताडून पाहण्यासाठी राखलेली.

तिथून त्रिकोण आखत तो बंगळूरला पोहोचला. 1804 मध्ये तिथल्या रेषेची लांबी गणिताने काढली आणि जमिनीवरही मोजली. फरक निघाला काही इंचांचा. अपेक्षित उत्तर आणि प्रत्यक्ष उत्तर शेजारी ठेवायचं. सॉफ्टवेअरची चाचणीही हेच करते.

1823 मध्ये लॅम्बटन आपल्या हिंगणघाटला वारला. पुढे जॉर्ज एव्हरेस्टने यंत्रं आणि पद्धत सुधारली. काम अधिक अचूक झालं, तशी साखळी अपुरी पडली. मग लोखंड-पितळेच्या जोडपट्ट्या आल्या. त्यांच्या खुणांमधलं अंतर उष्णतेनेही बदलत नसे. 1815 मध्ये साखळीने मोजलेली बीदरची रेषा 1841 मध्ये या पट्ट्यांनी पुन्हा मोजली.

हे न केल्यास काय होतं? 4 जून 1996 ला युरोपच्या एरियान-5 रॉकेटचं पहिलं उड्डाण झालं. त्यात एरियान-4 मधला कोड तसाच घेतला होता. नव्या रॉकेटचा आडवा वेग जास्त, पण त्या मार्गाचे आकडे घालून तो कोड तपासलाच नव्हता. एक आकडा सोळा बिटांत मावला नाही. सुमारे चाळीस सेकंदांत रॉकेट फुटलं.

म्हणून तरुण मित्रांनो, चाचणी लाल झाली की ती बंद करू नका. अपेक्षित उत्तर बदलून घाईने हिरवीही करू नका. आधी विचारा: कोड चुकला, की कामाचा नियमच बदलला? नियम बदलला असेल तरच चाचणी बदला, आणि का बदलली ते लिहून ठेवा. हिरव्या चाचणीलाही अधूनमधून विचारा, ती आजचं काम तपासते की कालचं?

बीदरला कागदावरचा आकडा नुसता खोडला नाही. माणसं पुन्हा जमिनीवर उतरली.