वातावरणातील सेंद्रिय पेरॉक्साइडे

सेंद्रिय पेरॉक्साइडे ही दोन ऑक्सिजन अणूंमधील एकेरी बंध असलेली कार्बनी संयुगे होत. हा बंध दुर्बल असल्यामुळे हवेतील सूक्ष्म कणांत व मेघबिंदूंत ती सहज अभिक्रिया करतात.

निर्मिती

वनस्पतींतून बाहेर पडणाऱ्या आयसोप्रीन, पाइनीन इत्यादी बाष्पनशील संयुगांच्या ऑक्सिडीकरणातून ती तयार होतात. नायट्रोजन ऑक्साइडे कमी असलेल्या हवेत सेंद्रिय पेरॉक्सी मूलक व हायड्रोपेरॉक्सी मूलक यांच्या अभिक्रियेतून हायड्रोपेरॉक्साइडे मिळतात. अल्कीन व ओझोन यांच्या अभिक्रियेत 'क्रीगी मध्यस्थ' निर्माण होतो. जर्मन रसायनशास्त्रज्ञ रुडॉल्फ क्रीगी यांच्यावरून त्याला हे नाव पडले. पाण्याशी संयोग झाल्यास त्यापासून अल्फा-हायड्रॉक्सीहायड्रोपेरॉक्साइड बनते.

प्रमुख अभिक्रिया

* विघटन : अल्फा-हायड्रॉक्सीहायड्रोपेरॉक्साइडे पाण्यात विघटित होऊन हायड्रोजन पेरॉक्साइड आणि अल्डिहाइड किंवा कीटोन देतात.
* लोहाशी अभिक्रिया : फेरस आयन पेरॉक्साइड बंध तोडतात व अतिक्रियाशील मूलके मुक्त होतात. ही क्रिया फेंटन अभिक्रियेसारखी असते.
* सल्फेटनिर्मिती : विरघळलेल्या सल्फर डायॉक्साइडचे ऑक्सिडीकरण होऊन सल्फेट बनते.
* संयोग : हायड्रोपेरॉक्साइड व अल्डिहाइड यांपासून पेरॉक्सीहेमिॲसिटल तयार होते. त्याची बाष्पनशीलता कमी असल्याने ते कणातच राहते व कणाचे वस्तुमान वाढते.

महत्त्व

सल्फेट व सेंद्रिय कण सूर्यप्रकाश विखुरतात आणि ढगांच्या निर्मितीत भाग घेतात. श्वासावाटे फुप्फुसात गेलेली पेरॉक्साइडे पेशींवर ऑक्सिडीकारक ताण आणू शकतात. काही पेरॉक्साइडे अल्पजीवी असतात. त्यामुळे गाळणपत्रावर गोळा केलेला नमुना उशिरा तपासल्यास त्यांचे प्रमाण प्रत्यक्षापेक्षा कमी आढळते.