एक माणूस, एक पाकीट

नाशिकला गोदाकाठी तीर्थोपाध्यायांकडे यात्रेकरूंच्या वंशावळींच्या वह्या असतात. गाव आणि आडनाव सांगितले, की आपले पणजोबा इथे येऊन गेल्याची नोंद सापडू शकते. नुसते लिहून ठेवल्याने हे साधत नाही. नोंद घराण्यानुसार लावलेली असते, म्हणून ती सापडते.

आजारपणाच्या नोंदींच्या बाबतीत हे उशिरा सुचले. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये पूर्वी प्रत्येक डॉक्टर आपापल्या वहीत लिहीत असे. एकाच रुग्णाला तिघांनी तपासले, तर माहिती तीन वह्यांत विखुरलेली! १९०७ साली तेथील डॉ. हेन्री प्लमर यांनी प्रत्येक रुग्णाला एक क्रमांक दिला आणि त्याचे सगळे कागद एकत्र ठेवण्याची पद्धत सुरू केली. शाळेचे जनरल रजिस्टर सांभाळणाऱ्या आपल्याला या क्रमांकाचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

या पाकिटात काय काय असते? केसपेपरवर नाव, वय, पत्ता, व्यवसाय, तक्रार, पूर्वीचे आजार आणि डॉक्टरांना तपासताना काय आढळले ते. व्यवसाय कशाला? दगडाच्या खाणीत काम करणाऱ्याचा खोकला वेगळा असू शकतो म्हणून. पुढे ताप आणि नाडीचा तक्ता, रक्त-लघवीचे अहवाल, एक्स-रे, दिलेल्या औषधांची नोंद. शस्त्रक्रिया झाली असेल तर संमतिपत्र आणि शस्त्रक्रियेचे टिपण. शेवटी घरी सोडतानाचे डिस्चार्ज कार्ड. यातली 'पेनिसिलिन सोसत नाही' ही एक ओळ पुढच्या डॉक्टरांना दिसली नाही, तर जिवावर बेतू शकते.

पण ही ओळ रुग्णाच्या हाती पडणार कशी? कागद गोपनीय आहेत, असे सांगून ते रुग्णालाच नाकारले जात. १९९६ साली मुंबई उच्च न्यायालयाने ही सबब अमान्य केली. पुढे भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनी दाखल रुग्णाचे कागद उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपणे आणि मागितल्यास ७२ तासांत देणे डॉक्टरांवर बंधनकारक केले. त्यानंतर ते मिळतीलच अशी खात्री नाही, म्हणून प्रती वेळीच मागून घ्याव्यात. २०२१ पासून देशभर दिला जाणारा १४ अंकी 'आभा' क्रमांक म्हणजे प्लमर यांच्याच कल्पनेचे पुढचे पाऊल आहे. मात्र त्याला जोडलेले कागद रुग्णाच्या संमतीनेच दुसऱ्याला दिसतात.

वर्गात एक करून पाहता येईल. मुलांना घरातले लसीकरणाचे कार्ड शोधायला सांगावे. ते वर्गात आणायला नको. आजार ही ज्याची त्याची खाजगी बाब आहे. कार्ड सापडायला किती वेळ लागला, एवढेच विचारावे. ज्यांना ते सापडणार नाही, त्यांच्या घरी एक पाकीट आणि त्यावर एकेकाचे नाव, एवढी सुरुवात पुरेशी आहे.