गणित: एकट्याचे की चौघांचे?



मूल गणितात मागे पडले की आपण गरिबीला वा घरच्या वातावरणाला दोष देतो. अमेरिकेतील बर्कले विद्यापीठातही १९७० नंतरच्या दशकात अनेक प्राध्यापकांची अशीच समजूत होती. युरी ट्राइजमन यांनी कृष्णवर्णीय व चिनी वंशाच्या प्रत्येकी २० विद्यार्थ्यांचा अभ्यास जवळून पाहिला. कष्टाळू दोघेही होते. पण कृष्णवर्णीय मुले बहुधा एकेकटी झटत, तर चिनी मुले एकत्र बसून एकमेकांच्या चुका दाखवत.

१९७८ मध्ये ट्राइजमन यांनी कार्यशाळा सुरू केली. तेथे सोपी नव्हे, अवघड उदाहरणे गटाने सोडवली जात. परिणामी कृष्णवर्णीय मुलांच्या नापासीचे प्रमाण पुष्कळ घटले.

तेव्हा पालकहो, मुले वही घेऊन एकत्र बसली, तर गप्पा समजून त्यांना उठवू नका.