उमरावाच्या मालकीचे ओठ

लग्नाच्या मिरवणुकीतले बँडवाले आपण सर्वांनी पाहिले आहेत. त्यांचे फुगलेले गाल पाहून पोरे हसतात. दातांकडे कोणाचे लक्ष जात नाही. पितळी वाद्याचे तोंड ओठांवर टेकते आणि ओठांना मागून आधार असतो तो पुढच्या दातांचा. ते गेले की वादक संपला. ज्याची हकिगत मी सांगणार आहे, त्याच्या मालकाला हे पक्के ठाऊक होते.

यान वात्स्लाव श्टिख १७४६ साली बोहेमियात, म्हणजे आजच्या चेक प्रदेशात, जन्मला. बाप काउंट थुन या उमरावाच्या जमिनीला बांधलेला भूदास. पोरगा गुणी दिसला, म्हणून काउंटने स्वखर्चाने त्याला हॉर्न शिकायला पाठवले. प्रागला आणि शेवटी ड्रेस्डेनला, हँपेल या उस्तादापाशी. हा दानधर्म नव्हे. वाड्यासाठी घोडा तयार करावा, तसाच हा वादक तयार केला.

त्या काळच्या हॉर्नला ना छिद्रे, ना कळा. नुसती वेटोळी नळी. फुंकीने निघतील तेवढेच मोजके स्वर. वाद्याच्या रुंद तोंडात उजवा हात कमीजास्त घालून मधले स्वर काढायचे, ही युक्ती बसवली हँपेलने आणि तिचा कळस केला श्टिखने.

शिकून आल्यावर चार वर्षे त्याने वाड्यावर चाकरी केली आणि १७६६ साली, विसाव्या वर्षी, तो पळाला. काउंटने शिपाई पाठवले. चरित्रकार सांगतात, की तो हाती लागला नाही तर निदान त्याचे पुढचे दात पाडा, असा हुकूम होता! तो निसटला आणि आपल्या नावाचे इटालियन करून जोव्हानी पुंतो झाला. बोहेमियातील भूदासांची ही बेडी तोडणारा सम्राट दुसऱ्या योसेफचा हुकूम निघाला तो १७८१ साली.

माइन्झच्या दरबारात वादकांच्या प्रमुखाची जागा मिळेना, तेव्हा त्याने ती नोकरीही सोडली. एकट्याने असे करणे त्याला परवडले, कारण त्याचे हत्यार त्याच्या तोंडात होते. गिरणीतल्या विणकराला हे जमत नाही. साचा शेटचा असतो.

१७७७ साली लंडनला राजाच्या वादकांना त्याने ही हातोटी शिकवली. पुढच्या वर्षी पॅरिसहून मोझार्टने वडिलांना लिहिलेल्या पत्रात त्याच्या वादनाची तारीफ केली. तिथल्या नव्या संगीतविद्यालयात मात्र त्याला जागा मिळाली नाही. पण हँपेलची पद्धती त्याने सुधारून छापली, आणि एका वाड्यासाठी विकत घेतलेली विद्या कोणाही होतकरू पोराच्या हाती जाण्याजोगी झाली. मला त्याच्या मैफलींपेक्षा ही गोष्ट मोठी वाटते.

१८ एप्रिल १८०० रोजी व्हिएन्नात त्याने बेथोव्हेनने त्याच्यासाठी रचलेला सोनाटा वाजवला. पियानोवर खुद्द बेथोव्हेन. पुढे हंगेरीत दोघे वाजवून आले, तेव्हा तिथल्या वृत्तात विचारणा होती, की पुंतो माहीत आहे, पण हा बेथोव्हेन कोण?

१८०१ साली तो प्रागला परतला. १६ फेब्रुवारी १८०३ रोजी तिथेच वारला. अंत्ययात्रेला हजारो लोक लोटले आणि मोझार्टचे रिक्विएम वाजवून त्याला निरोप दिला गेला.