स्नायू दुखतात ते कशामुळे?

सीताबर्डीची टेकडी चढताना दम लागतो. मांड्या दुखू लागतात त्या मात्र दुसऱ्या दिवशी. प्रजासत्ताकदिनी व स्वातंत्र्यदिनी येथील किल्ला नागरिकांसाठी खुला होतो, तेव्हा बैठे काम करणाऱ्या अनेकांना हा अनुभव येतो. या दुखण्याचे खापर लॅक्टिक आम्लावर फोडले जाते. परंतु श्रम थांबल्यावर रक्तातील या आम्लाचे प्रमाण साधारण तासाभरात पूर्ववत होते. दुखणे १२ ते २४ तासांनी सुरू होते आणि एक ते तीन दिवसांत शिगेला पोहोचते.

खरे कारण बहुधा उतारात असते. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचा भार तोलून धरतात. सवय नसल्यास त्यांच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते. अशा इजेची कल्पना थिओडोर हफ या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९०२ मध्येच मांडली होती.

यानंतर शरीरातील रसायने कामाला लागतात. १९४९ मध्ये ब्राझीलमध्ये शोध लागलेले ब्रॅडिकायनिन वेदनावाहक चेतातंतूंना उद्दीपित करते. प्रोस्टाग्लँडिन या तंतूंचा वेदनेचा उंबरठा खाली आणते. चेतातंतूंच्या वाढीस साहाय्य करणारी प्रथिनेही त्यांची संवेदनशीलता वाढवतात, असे उंदरांवरील प्रयोगांत आढळले आहे. परिणामी एरवी न जाणवणारा हलका दाबही दुखतो. स्नायूंचा हळवेपणा म्हणतात तो हाच.

अ‍ॅस्पिरिन प्रोस्टाग्लँडिनची निर्मिती रोखते, हे जॉन वेन यांनी १९७१ मध्ये दाखवले. १९८२ च्या नोबेल पारितोषिकात ते सहमानकरी होते. तथापि, वेदनाशामक गोळ्या स्वतःच्या मनाने घेणे धोक्याचे आहे. नागपूरच्या उन्हाळ्यात शरीरातील पाणी कमी झाले असताना अशा गोळ्यांनी मूत्रपिंडावर ताण येतो. तापासह अंग दुखत असेल, तर डेंग्यूची शक्यता तपासून पाहिल्याखेरीज अ‍ॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन घेऊ नये. रक्तस्राव वाढू शकतो.

श्रमानंतरचे साधे दुखणे हलक्या हालचालीने सुसह्य होते आणि चार-पाच दिवसांत सहसा आपोआप ओसरते. मात्र असह्य वेदना, कमालीचा अशक्तपणा किंवा चहासारखी गडद लघवी ही स्नायूंच्या गंभीर हानीची लक्षणे होत. अशा वेळी विलंब न लावता रुग्णालय गाठावे.